दुर्मिळतेचे मोल

मनुष्य आणि प्राणी यांच्या सहवासाचा इतिहास फार जुना आहे. गाय, बैल, घोडा आणि कुत्रा हजारो वर्षांपासून मनुष्याच्या अंगणात वावरत आले आहेत. पोपट आणि मैना यांना पिंजऱ्यात ठेवण्याची हौसही प्राचीन आहे. साप, सरडे, पाली आणि कासवे यांना मात्र आपल्या समाजाने भीतीपोटी किंवा आदरापोटी घरापासून दूरच ठेवले. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आले, नागाची पूजा झाली. परंतु नाग आपल्या घरात राहावा अशी इच्छा सहसा कोणी धरली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटली. प्रथम युरोप, अमेरिका व जपानमध्ये आणि अलीकडे भारतातील शहरांतही सरपटणारे प्राणी काचेच्या पेटीत बाळगण्याचा छंद वाढीस लागला. पेटीत वाळू, दगड किंवा पालापाचोळा घालावा, दिव्याने उष्णता द्यावी आणि आत एखादी पाल किंवा अजगर ठेवून त्याचे निरीक्षण करावे, असे या छंदाचे स्वरूप आहे. या छंदाला सरसकट दोष देता येणार नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रजनन, त्यांची अंडी उबविण्याचे तापमान आणि त्यांचे रोग यांविषयीची पुष्कळ माहिती हौशी लोकांच्या चिकाटीतूनच मिळाली आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय अधिक मर्यादित आहे. रानात जन्मलेला आणि संख्येने थोडा उरलेला प्राणी केवळ हौसेसाठी पकडून, लपवून, देशाच्या सीमा ओलांडून नेणे कितपत समर्थनीय आहे, हा तो प्रश्न होय.

लपवून नेण्यास सोपे प्राणी

सस्तन प्राण्याला किंवा पक्ष्याला आपले शरीर सतत उबदार ठेवावे लागते आणि त्यासाठी वारंवार अन्न लागते. सरपटणारे प्राणी उष्णता बाहेरून घेतात. त्यामुळे त्यांची अन्नाची गरज कमी असते आणि थंड, अंधाऱ्या जागी ते निश्चेष्ट पडून राहतात. साप कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. कासव पाय आत ओढून घेते आणि दगडासारखे स्तब्ध होते. बहुतेक सरपटणारे प्राणी ओरडतही नाहीत. रानात टिकून राहण्यासाठी निसर्गाने दिलेले हे गुणच तस्कराच्या उपयोगी पडतात. कापडी पिशवीत बांधलेला साप किंवा चिकटपट्टीने पाय आत दाबून बांधलेले कासव सामानाच्या पेटीत कित्येक तास आवाज न करता पडून राहते.

मुंबईच्या विमानतळावरील काही घटना या संदर्भात लक्षात घेण्याजोग्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात खाद्यपदार्थांच्या पाकिटांत लपविलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तवार्ता संचालनालयाला सापडले. बॉल पायथन हा आफ्रिकेतील लहान अजगर आहे आणि कॉर्न स्नेक उत्तर अमेरिकेतला. दोन निरनिराळ्या खंडांतील हे साप तिसऱ्या खंडातील बँकॉकमार्गे मुंबईत यावेत, यावरून या व्यापाराच्या विस्ताराची कल्पना येते. जून २०२५ च्या आरंभी थायलंडहून परतलेल्या एका प्रवाशाकडून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी इंडोनेशियातील ४४ चापडे, आशियाई पर्णकासव या जातीची पाच कासवे आणि शिंगे असलेल्या घोणशीच्या एका विलक्षण जातीचे तीन साप ताब्यात घेतले. या घोणशीच्या शेपटीचे टोक हुबेहूब कोळ्यासारखे दिसते. ते हलवून ती पक्ष्यांना जवळ बोलावते आणि पकडते. ती पश्चिम इराणच्या डोंगराळ भागात राहते. शास्त्रज्ञांनी स्वतंत्र जात म्हणून तिचे वर्णन २००६ साली केले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत ती मुंबईत प्रवाशाच्या सामानात सापडली.

दुर्मिळता आणि किंमत

सामान्यतः एखादी वस्तू महाग झाली की तिची मागणी घटते. संग्राहकांच्या जगात याच्या उलट घडते. तेथे प्राणी जितका दुर्मिळ तितका तो अधिक हवासा वाटतो. त्याची संख्या घटली की किंमत वाढते आणि किंमत वाढली की उरलेले प्राणी शोधून काढणे अधिक फायद्याचे ठरते. एखादी जात नाहीशी होण्याच्या मार्गावर आहे ही वार्ता संरक्षकाला धोक्याची सूचना वाटते, तर व्यापाऱ्याला ती संधी वाटते.

याची काही उदाहरणे शास्त्रीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. दक्षिण चीनमध्ये चुनखडीच्या टेकड्यांत राहणाऱ्या एका सुंदर पालीचे वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले. संशोधनाच्या प्रथेनुसार ती कोठे सापडली तेही लेखात दिलेले होते. संग्राहकांना माल पुरविणारे लोक त्या ठिकाणी पोहोचले आणि थोड्याच वर्षांत मूळ ठिकाणाहून ती पाल नाहीशी झाली. इंडोनेशियातील रोती बेटावरील लांब मानेच्या कासवाला १९९४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तेही छंदाच्या व्यापारामुळे काही वर्षांतच अत्यंत विरळ झाले. २००६ साली काही शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातून या धोक्याकडे लक्ष वेधले. पुढे चीनमधील अशाच पालींच्या नव्या जातींचे वर्णन करताना संशोधकांनी त्यांची ठिकाणे मुद्दाम प्रसिद्ध केली नाहीत. ज्ञान सर्वांसाठी खुले असावे हे विज्ञानाचे जुने व्रत. एका छंदामुळे त्याला मुरड घालावी लागली, ही लहान हानी नव्हे.

मादागास्कर बेटाच्या वायव्य किनाऱ्याजवळ एका छोट्याशा प्रदेशात नांगरकासव म्हणून ओळखले जाणारे एक कासव राहते. त्याला वाचविण्यासाठी १९८६ साली प्रजनन केंद्र उभारण्यात आले. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, त्या केंद्रातूनच सत्तरहून अधिक कासवे चोरीला गेली. मार्च २०१३ मध्ये बँकॉकच्या विमानतळावर एकाच पिशवीत ५४ नांगरकासवे सापडली. अखेर संरक्षकांना एक विचित्र उपाय योजावा लागला. कासवाच्या सोनेरी कवचावर त्यांनी अक्षरे व आकडे कोरण्यास सुरुवात केली. कवच विद्रूप झाले की संग्राहकाला ते नको होते, एवढाच या कृतीचा हेतू. ज्याच्या सौंदर्यावर लोक प्रेम करतात त्याला वाचविण्यासाठी ते सौंदर्यच बिघडवावे लागावे, यावरून त्या प्रेमाची परीक्षा होते.

आपले तारका कासव आणि मांडूळ

भारतातून बाहेर जाणाऱ्या प्राण्यांत तारका कासवाचा क्रमांक फार वरचा आहे. त्याच्या काळसर कवचावर पिवळ्या रेषा ताऱ्याच्या किरणांप्रमाणे पसरलेल्या असतात. वायव्य भारत व त्याला लागून असलेला पाकिस्तानचा भाग, आग्नेय भारत आणि श्रीलंका हे त्याचे प्रदेश. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील केवळ एका व्यापारकेंद्रातून वर्षभरात किमान ५५,००० तारका कासवे पकडली जात होती. हे कासव सावकाश वाढते, अनेक वर्षांनी वयात येते आणि एका वेळी थोडीच अंडी घालते. ज्या प्राण्याची पिढी इतकी मंद गतीने वाढते, त्याची एवढी उचल फार काळ सोसली जाणे शक्य नाही. यास्तव ऑगस्ट २०१९ मध्ये वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला आणि रानातील तारका कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्णतः निषिद्ध ठरला.

पकडलेली कासवे सुटली तरी प्रश्न सुटत नाही. हैदराबाद येथील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिक अभ्यासातून असे दिसले की, मूळ ठिकाण माहीत नसलेल्या तारका कासवांत एकमेकांहून भिन्न असे दोन गट आहेत. एका प्रदेशातील कासव दुसऱ्या प्रदेशात सोडले, तर हजारो वर्षांत निर्माण झालेला हा भेद पुसला जाण्याची भीती असते. शिवाय दाटीवाटीच्या प्रवासात जडलेले रोगही त्याच्याबरोबर रानात जातात. म्हणून तस्करांच्या हातून सोडविलेले प्राणी पुष्कळदा उर्वरित आयुष्य बंदिवासातच काढतात.

महाराष्ट्रात ज्याची तस्करी विशेष प्रमाणात आढळते तो मांडूळ मात्र वेगळ्या कारणाने पकडला जातो. दोन्ही टोके सारखी दिसणारा हा निरुपद्रवी, बिनविषारी साप धन मिळवून देतो अशी समजूत आहे आणि त्याच्या वजनावर किंमत ठरते. २०१६ ते २०२१ या काळात देशात उघडकीस आलेल्या अशा १७२ प्रकरणांची नोंद एका अहवालात आहे. त्यांपैकी ५९ महाराष्ट्रातील होती. मांडूळ विकत घेणाऱ्या अंधश्रद्ध माणसाला सुशिक्षित छंदवेडा हसतो. परंतु दोघांचीही कृती एकच आहे. प्राण्याच्या अंगी नसलेले मोल दोघेही त्याच्यावर लादतात. एक त्याला धनाचे नाव देतो, तर दुसरा दुर्मिळतेचे.

पोलादनगरीतून पाहताना

विमानतळ, व्यापारी आणि परदेशी संग्राहक यांच्या या कथा वाचून हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून समुद्र आणि आंतरराष्ट्रीय व्यापार यांपासून लांब असलेल्या भिलाईसारख्या एखाद्या नगराचा विचार करणे उपयुक्त ठरेल. छत्तीसगडमधील हे शहर सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याभोवती वसले. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. देशाच्या सर्व भागांतून, विदर्भातूनही, माणसे येथे कामासाठी आली. पावसाळ्यात येथील सेक्टरांमधल्या घरांच्या बागांत धामण किंवा नाग निघणे नवलाचे नाही. अशा वेळी सर्पमित्राला बोलावले जाते. सापाला न मारता सुरक्षित जागी सोडण्याची वृत्ती वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु सोडविणे आणि ठेवून घेणे यांत एका पावलाचेच अंतर असते. पकडलेला सुंदर साप चार दिवस घरी ठेवावा, मित्रांना दाखवावा, मग कोणी मागितला तर द्यावा, अशा क्रमाने करुणेतून सुरू झालेले कार्य व्यापाराच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचू शकते.

मध्य आणि पूर्व भारताच्या जंगलमय टेकड्यांत बिबट्या पाली राहतात. घरातील पालीप्रमाणे त्यांच्या बोटांना भिंतीवर चढण्याजोग्या गाद्या नसतात आणि त्यांच्या डोळ्यांना उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात. सातपुड्यातील त्यांच्या एका जातीचे वर्णन २०१४ साली झाले, तर आंध्र प्रदेश व ओडिशा येथील एका जातीचे २०२२ साली. आजवर गावकरी त्यांना विषारी समजत आले. वस्तुतः त्यांना विष नसते. या गैरसमजापायी अनेक पाली मारल्या गेल्या असतील. परंतु त्याच भीतीमुळे त्यांना हात लावण्यासही कोणी धजत नसे. आता त्या निरुपद्रवी आहेत हे कळू लागले आहे आणि त्याच वेळी त्यांच्या नातलग जातींना जगभरच्या छंदबाजारात मोठी मागणी आहे. मादी एका खेपेस दोनच अंडी घालते. एखाद्या टेकडीवरील मोजक्या पाली उचलल्या गेल्या, तर ती टेकडी रिकामी होण्यास फार काळ लागणार नाही.

येथे छंदाचे समर्थक एक आक्षेप घेतात आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. ते म्हणतात, ‘खाणी, रस्ते आणि कारखाने यांच्यासाठी डोंगरच्या डोंगर खोदले जातात. त्यात किती प्राणी मरतात याची गणती कोणी करीत नाही. मग मी दोन पाली उचलल्या तर एवढा गहजब कशासाठी?’ भिलाईसारख्या ठिकाणी हा प्रश्न पोकळ वाटत नाही. तेथील भट्ट्यांना लोहखनिज पुरविण्यासाठी दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांत अनेक दशके खाणकाम चालले आहे. आपण सारेच त्या पोलादाचा उपयोग करतो. अधिवासाचा नाश हे वन्य जीवांच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण आहे, हेही निर्विवाद होय.

तथापि या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. एक तर, दुसऱ्याने केलेली मोठी हानी ही आपल्या लहान हानीसाठी परवाना ठरत नाही. दुसरे असे की, खाणीच्या बाबतीत निदान समाजाला जाब विचारण्याची सोय असते. तिला परवानगी लागते, जनसुनावणी होते, न्यायालयात जाता येते. ही व्यवस्था अपुरी असेल, परंतु ती उघड आहे. तस्करी मुळातच लपून होते. तिचा हिशेब कोणापुढेही मांडला जात नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. डोंगर खोदला गेल्यानंतर उरलेल्या कड्याकपारीत जे थोडे प्राणी तग धरून राहतात, नेमके तेच दुर्मिळ म्हणून उचलले जातात. अधिवासाचा नाश ही वस्तुस्थिती असेल, तर त्यातून वाचलेल्यांना हात न लावण्याचे आपले कर्तव्य अधिक दृढ होते.

दुसरा आक्षेप रानावर जगणाऱ्यांच्या नावाने घेतला जातो. छत्तीसगडमधील लक्षावधी कुटुंबे मोहाची फुले आणि तेंदूची पाने गोळा करतात. मग रानातील पाल गोळा करण्यात वावगे काय, असे विचारले जाते. परंतु मोहाचे झाड पुढील वर्षी पुन्हा फुलते, तेंदूला पुन्हा पालवी येते. वेचणाऱ्याला आपल्या रानाची सीमा आणि ऋतू ठाऊक असतात. दहा वर्षांनी वयात आलेली कासवाची मादी पुढील वर्षी उगवून येत नाही.

समर्थनाचे आणखी तीन मुद्दे

बंदिवासात प्रजनन केल्याने जात वाचते, हा समर्थकांचा मुख्य मुद्दा आहे. तो काही बाबतींत खरा आहे. पाकिस्तान-अफगाणिस्तानाकडील सामान्य बिबट्या पाल कित्येक पिढ्या पेट्यांतच जन्मत आली आहे आणि तिच्यासाठी रानात जाण्याची गरज उरलेली नाही. परंतु प्रजनन हा शब्द पुष्कळदा केवळ कागदावर असतो. इंडोनेशियातील ‘प्रजनन केंद्रां’मधून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्यांतील किमान ८० टक्के अजगर प्रत्यक्षात रानातून पकडलेले होते. शिवाय जात वाचविणे म्हणजे तिला तिच्या रानात टिकविणे होय. कोणाच्या तरी दिवाणखान्यात राहिलेली, परत न जाणारी संतती त्या रानाच्या दृष्टीने नाहीशीच झालेली असते.

‘माझ्या देशात हे बेकायदेशीर नाही’ हा दुसरा मुद्दा. भारताने १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम केला आणि १९७६ साली तो सायटीस कराराचा सदस्य झाला. परंतु परदेशी जातींच्या बाबतीत देशांतर्गत कायद्यात दीर्घकाळ पोकळी होती. परदेशी प्राणी एकदा देशात आला की तो बाळगण्याविरुद्ध कारवाई करणे कठीण होते. जून २०२० मध्ये शासनाने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली. सहा महिन्यांच्या आत नोंद करणाऱ्याकडे ते कोठून आणले याचे कागद मागितले जाणार नव्हते. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने सायटीसच्या तरतुदी अधिनियमात आल्या, त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या आणि २०२४ च्या नियमांनी नोंदणी बंधनकारक केली. कायद्याची फट मिटण्यास अशी दशके लागतात. त्या फटीतून आत आलेला प्राणी मात्र ज्या देशातून चोरला गेला, तेथे तो पहिल्या दिवसापासून चोरीचाच होता.

तिसरा मुद्दा प्रेमाचा. छंदिष्ट माणूस आपल्या प्राण्यावर मनापासून प्रेम करतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सरपटणाऱ्या प्राण्याचे दुःख ओळखणे कठीण असते. कुत्रा कण्हतो, पक्षी पिसे उपटतो. कासव मात्र महिनोन् महिने हळूहळू खंगत जाते. योग्य प्रकाश आणि चुना न मिळाल्यास त्याची हाडे व कवच मऊ पडतात, आणि हे मालकाच्या ध्यानात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. शिवाय पेटीपर्यंत पोहोचलेल्या एका प्राण्यामागे वाटेत दगावलेले प्राणी उभे असतात. विकत घेणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत.

उत्तरदायित्व

या साखळीत सर्वांत आधी पकडला जातो तो रानातून प्राणी आणणारा गरीब मनुष्य, किंवा थोड्या पैशांसाठी सामान वाहणारा प्रवासी. त्यांचा दोष आहेच. तथापि त्यांना मिळणारा मोबदला अंतिम किमतीचा अल्प अंश असतो. साप पकडण्याची विद्या आणि उपजीविका यांना दुसरी वाट मिळू शकते, हे तामिळनाडूतील इरुळा समाजाने दाखवून दिले आहे. सापांच्या कातड्यांचा व्यापार बंद झाल्यावर १९७८ साली त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. आता ते साप पकडतात, प्रतिविषासाठी लागणारे विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. विकत घेणाऱ्याची स्थिती निराळी आहे. त्याच्यावर पोटाची सक्ती नाही. त्याची इच्छा हेच या व्यापाराचे मूळ भांडवल होय. म्हणून नैतिक भाराचा मोठा वाटा त्याच्याकडेच जातो.

भिलाईत पोलाद कारखान्याने १९७२ साली मैत्रीबाग नावाचे प्राणिसंग्रहालय उभारले. वन्यजीव संरक्षण अधिनियमही त्याच वर्षीचा. प्राणिसंग्रहालयांवरही टीका करता येते. परंतु ती उघड्यावर असतात, त्यांच्या नोंदी ठेवल्या जातात आणि कोणीही नागरिक तेथे जाऊन प्राण्याची अवस्था पाहू शकतो. खाजगी पेटीला असा साक्षीदार नसतो. तेथे मालकाचा विवेक हाच एकमेव पहारेकरी.

म्हणून असा प्राणी घेण्याचा मोह होईल तेव्हा प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा प्राणी कोठून आला, हे मला खात्रीने सांगता येईल काय? त्याला उचलल्यामुळे रानात कोणाची जागा रिकामी झाली? आणि उद्या मला तो सांभाळता आला नाही, तर तो परत कोठे जाऊ शकेल? तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर तो प्राणी कितीही सुंदर असला आणि कितीही कमी किमतीत मिळत असला, तरी घेऊ नये. पहिल्या पावसानंतर एखाद्या जाणकाराबरोबर जवळच्या टेकडीवर जावे, दगडाखालची पाल पाहावी आणि तो दगड हलक्या हाताने पूर्ववत ठेवून परत यावे. तिच्याविषयी जे शिकण्यासारखे आहे, त्यातील बरेचसे तेथेच शिकता येते; आणि पुढल्या वर्षी येणाऱ्यासाठीही ती तेथे राहते.